हिरव्या दाराचा पत्ता

मी एक क्वेरी आहे, म्हणजे डेटाबेसला घातलेला एक प्रश्न. बोलायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. मी विचारायचं आणि डेटाबेसने सांगायचं, अशी आमची वाटणी आहे. आज बोलते, कारण झाल्या प्रकाराचा जो अहवाल लिहिला गेला त्यात सगळी माणसं निर्दोष ठरली आणि मी एकटी 'बग' ठरले. बग म्हणजे किडा. मी किडा नाही. मला ज्याने लिहिलं त्याच्याबद्दल मी एवढ्या खात्रीने सांगू शकत नाही.

माझं आयुष्य म्हणजे एक वाक्य. ते असं: ज्या केंद्राच्या गावाच्या नावात 'अमुक' आहे आणि जे केंद्र जाहीर आहे, त्याचा पत्ता दे. 'अमुक'च्या जागी, पडद्यासमोरचा माणूस जे टाइप करेल ते यायचं. एवढीशी रिकामी जागा. पण माझी सगळी अब्रू तिच्यात आहे.

माझा जन्म गाद्यांच्या दुकानावरच्या एका कचेरीत झाला. लिहिणारा प्रोग्रामर हुशार होता, असं तो स्वतः सांगे. त्याला सगळे 'पटकन' म्हणत, कारण कोणतंही काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "पटकन करून टाकतो." त्याने पटकन केलेलं काम निस्तरणाऱ्यांना मात्र कुणी काही नाव ठेवलं नव्हतं.

काम एका संस्थेचं होतं. घर सोडून आलेल्या बायकांना ही संस्था आसरा द्यायची. ती चालवणारी बाई काम समजावून द्यायला स्वतः आली. तिला मावशी म्हणत. संस्थेचे विश्वस्त तिच्याहून वयाने मोठे, पण तेही मावशीच म्हणत आणि ती बोलायला लागली की गप्प बसत.

"आमच्या जागा दोन प्रकारच्या," मावशी म्हणाली. "एक कचेऱ्या. गावोगावी आहेत. तिथे कुणीही यावं, म्हणून त्यांचा पत्ता सगळ्यांना सापडला पाहिजे. दुसरी राहायची घरं. त्यांचा पत्ता सख्ख्या भावालासुद्धा सापडता कामा नये."

"आणि नवऱ्याला?" पटकनने विचारलं.

मावशीने कप त्याच्यापुढे सरकवला. "तू चहा घे," ती म्हणाली.

"मग दोन वेगळ्या याद्या करू?"

"नको रे बाबा. मी दोन्हीकडे लिहीन आणि दोन्हीकडे चुकेन. एकच यादी दे. दाखवायचं ते दाखव, झाकायचं ते झाक. जमेल ना?"

"मावशी, हा तर डाव्या हाताचा मळ."

खोटं बोलला नाही. पुढे जे केलं ते डाव्या हाताचंच वाटत होतं.

पटकन जावामध्ये काम करायचा आणि डेटाबेसशी बोलायला मायबॅटिस नावाची चौकट वापरायचा. या चौकटीत आम्ही क्वेऱ्या एका वेगळ्या फायलीत राहतो. जावाकडून माल येतो, चौकट तो आमच्या रिकाम्या जागेत ठेवते आणि आम्हाला डेटाबेसकडे धाडते. माल ठेवण्याच्या दोन रीती आहेत. रिकाम्या जागेवर हॅशचं चिन्ह लिहिलं, तर माल बंद डब्यातून जातो. डेटाबेस आधी माझं वाक्य वाचतो, त्याचा अर्थ लावतो, आणि मगच डबा उघडतो. आत काहीही निघो, त्याच्या लेखी ते गावाचं नाव. डॉलरचं चिन्ह लिहिलं तर डबा नाही. माल तसाच माझ्या वाक्यात ओतला जातो, आणि माझं बोलणं कुठे संपलं, परक्याचं कुठे सुरू झालं, हे ओळखायला डेटाबेसकडे काही साधन उरत नाही.

खिडकीवर बसलेल्या कारकुनाचं उदाहरण घ्या. अर्जातल्या नावाच्या रकान्यात कुणी आपलं नाव लिहून पुढे लिहिलं, 'आणि मागच्या कपाटाच्या किल्ल्या अर्जदारास द्याव्यात', तर कारकून चष्मा पुसेल, पुन्हा वाचेल, शेजारच्याला दाखवेल आणि दोघं दिवसभर हसतील. मला हसता येत नाही. माझ्यावर डॉलर असेल तर मी उठते आणि किल्ल्या आणून देते.

डॉलरलाही त्याची जागा आहे, पण बाहेरच्या माणसाचा माल त्याच्यातून नेऊ नये, असा इशारा चौकट बनवणाऱ्यांनी स्पष्ट लिहून ठेवला आहे. इशारे वाचतात ते लोक मुळातच जपून वागणारे असतात. ज्यांच्यासाठी इशारा लिहिलेला असतो ते पटकन पुढचं पान उलटतात.

तरी माझं बालपण चांगलं गेलं. पटकनने मला पहिल्यांदा लिहिलं ते हॅशनेच. ते बालपण मावशीचा फोन येईपर्यंत टिकलं.

"अरे, गावाचं नाव पूर्ण लिहिल्याशिवाय तुझं यंत्र काही बोलतच नाही."

"पूर्णच लिहायचं, मावशी."

"जी बाई अंगावरच्या कपड्यांनिशी घरातून निघते ती नाव पूर्ण लिहीत बसेल होय? अर्ध्या नावावर सापडू दे."

अर्ध्या नावावर शोधायचं तर नावाच्या मागेपुढे टक्क्याची चिन्हं लागतात आणि ती अवतरणचिन्हांत ठेवावी लागतात. पटकनने टक्क्यांबरोबर माझी रिकामी जागाही अवतरणात कोंडली. अवतरणात गेलेली रिकामी जागा रिकामी राहत नाही. डेटाबेस तिला नुसतं एक अक्षर समजतो. चौकट डबा घेऊन आली, ठेवायला जागा शोधू लागली, सापडेना, म्हणून तिने तक्रार केली. तक्रार सरळ होती. उपायही सरळ होता: टक्के अवतरणात राहू द्यावेत, डबा अवतरणाबाहेर ठेवावा आणि सगळं एकमेकांना जोडावं. जोडण्यासाठी डेटाबेसकडे तयार शब्द आहे.

पटकनने तक्रारीची पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली नाही, आणि माझ्या रिकाम्या जागेवरचं हॅशचं चिन्ह पुसून तिथे डॉलर लिहिला.

"चाललं," तो म्हणाला आणि चहाला गेला.

या धंद्यात 'चाललं' म्हणजे 'बरोबर आहे' असं समजतात. उतारावर ब्रेक नसलेली गाडीही चालते, उलट जास्तच चांगली.

कचेरीत तपासणीला एक बाई होत्या. पटकन त्यांना समोर 'बाई' म्हणायचा आणि पाठीमागे 'शंकासुर'. बाईंना ते ठाऊक होतं आणि ते नाव त्यांना मनापासून आवडत होतं. त्यांनी संस्थेच्या वेबपानावर, गाव शोधायच्या चौकोनात, नावाऐवजी नुसतं एक अवतरणचिन्ह टाइप केलं. माझं वाक्य मधेच तुटलं आणि पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"असल्या नावाचं गाव नसतं, बाई."

"गाव नसेल. टाइप करणारा असू शकतो."

"अहो, तिथे पिचलेल्या बायका येणार. त्यांना कशाला असल्या उचापती सुचतील?"

"त्यांना शोधणारे पण तिथेच येतील ना रे. त्यांना सुचतील."

पटकनने मान डोलावली. मला वाटलं, आता माझ्यावरचा डॉलर जाणार. तो माझ्यापर्यंत आलाच नाही. त्याने पानावरच्या चौकोनाला तेवढं शिकवलं की अवतरणचिन्ह दिसलं तर आत सोडायचं नाही आणि 'कृपया फक्त अक्षरे लिहा' असं नम्रपणे सांगायचं. ही तपासणी चालते ती पान उघडणाऱ्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. म्हणजे राखणदार नेमला, पण चोराच्या घरी.

बाईंनी पुन्हा करून पाहिलं. पाटी दिसली.

"दार लावलंस की दारावर पाटी लावलीस?"

"पाटी वाचून लोक परत जातातच की."

"सभ्य लोक जातात."

"बाई, आज द्यायचंय हे. तुमची ती त्रुटीची नोंद बंद करा ना."

बाईंनी नोंद बंद केली नाही. ती वरून बंद झाली. कुणी केली, हे अहवालात आलेलं नाही. कचेऱ्यांत अशा गोष्टी आपोआप होतात.

मग मला कॉम्प्युटरच्या एका काळ्या पेटीत घालून संस्थेच्या कचेरीत नेलं आणि मावशीच्या टेबलाखाली, तिच्या चपलांशेजारी ठेवलं. तिथून सगळं ऐकू यायचं. मावशी एका बोटाने टाइप करायची आणि प्रत्येक अक्षराला ते अक्षर तोंडाने म्हणायची.

तिथेच एके दिवशी शिवणवाली आली. बरोबर मुलगी होती, ती आईच्या ओढणीचं टोक सोडत नव्हती. शिवणवाली बोलताना दाराकडे तोंड करून बसायची. पाठ दाराकडे केलेली मी तिला कधी ऐकली नाही, म्हणजे खुर्ची तशी सरकल्याचा आवाज कधी आला नाही. मावशीने तिला एका राहायच्या घरात जागा दिली आणि ते घर यादीत नवीनच असल्यामुळे माझ्या डोक्यावर बसून टाइप केलं: पाण्याच्या टाकीमागे, हिरवं दार, वरचा मजला. जाहीर: नाही.

"मावशी, या पेटीत सगळं राहतं?" शिवणवालीने विचारलं.

"राहतं."

"आणि ही सांगते कुणाला?"

"विचारील त्याला. पण तुझं नाही सांगायची. तसं बजावून घेतलंय त्या मुलाकडून."

 शिवणवालीने पेटीला पायाने जरासं लांब सरकवलं. माझ्यावर अविश्वास दाखवणारी ती दुसरी बाई. दोघी बरोबर होत्या.

काही दिवसांनी ती पुन्हा आली ती संकोचतच.

"मावशी, दाराला दुसरा रंग दिला तर चालेल का?"

"का गं? हिरवा वाईट आहे?"

"आमच्या त्या घराचं दार हिरवंच होतं. कडी लावताना हात थांबतो."

मावशीने रंगाचा डबा आणवला. शिवणवालीने आणि मुलीने मिळून दार तपकिरी केलं, आणि मुलीने फ्रॉकसुद्धा तपकिरी केला. "यादीत बदलते हं नंतर," मावशी म्हणाली. विसरली. मावशी एवढी एक गोष्ट विसरली, ती पुढे कशी कामाला आली ते येईलच.

शिवणवालीचं बस्तान बसलं. संस्थेने दिलेलं जुनं शिवणयंत्र तिने तेल घालून ताळ्यावर आणलं. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. मुलीला मैत्रीण मिळाली, ओढणीचं टोक सुटलं.

मग तो आला. शिवणवालीचा नवरा. इस्त्रीचा शर्ट असावा, बोलणं तरी इस्त्रीचं होतं. हातात मुलीचा रेनकोट घेऊन आला.

"मावशी, मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. शिक्षक माणूस आहे. मी काही असातसा नाही."

"मला बाई म्हणा. मावशी म्हणायला नातं लागतं."

"बरं, बाई. एवढंच म्हणतो, पाऊस आला तर मुलगी भिजेल. एवढा रेनकोट तिला नेऊन द्यायचाय."

"ठेवून जा. आमच्याकडे मुलं बरीच आहेत, ज्याला होईल त्याला घालू."

 त्याने रेनकोटाची घडी घातली आणि बरोबर घेऊन गेला. तो रेनकोट कुणाच्या उपयोगाचा होता ते मावशीला तिथेच समजलं. जाताना त्याने भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढला. पाटीवर लिहिलं होतं: आपल्या जवळचं केंद्र शोधा. खाली संस्थेच्या पानाचा पत्ता.

तो पानावर आला. त्याने आधी एक गाव टाइप केलं, मी कचेरीचा पत्ता दिला. मग त्याने अवतरणचिन्ह टाइप केलं. चौकोन म्हणाला, 'कृपया फक्त अक्षरे लिहा.' ज्याला काही ठाऊक नव्हतं त्याला या पाटीनेच सांगितलं की आत काहीतरी ठिसूळ आहे. त्याने पान बाजूला ठेवलं आणि राखणदाराला न विचारता आपला मजकूर थेट माझ्याकडे पाठवला. क्लासमधली मुलं शिकतात तेवढीच विद्या: एक अवतरणचिन्ह, म्हणजे गावाचं नाव संपलं. 'किंवा एक बरोबर एक', जे नेहमीच खरं असतं. आणि शेवटी दोन आडव्या रेघा, म्हणजे यापुढचं वाचू नये.

यापुढचं काय होतं? 'आणि जे केंद्र जाहीर आहे.' तेवढंच होतं. शिवणवालीच्या आणि त्याच्या मधे जगात तेवढाच एक अर्धा वाक्यांश उभा होता, आणि त्यावर दोन रेघा पडल्या.

मी सगळे पत्ते दिले. क्षणही लागला नाही. पटकनला आवडलं असतं.

त्या दिवशी दुपारी मावशीचा फोन वाजला.

"तिला सांगा, संध्याकाळपर्यंत निमूट घरी ये," तो म्हणाला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की टेबलाखाली ऐकू येत होतं. "नाही तर मला त्या हिरव्या दारापाशी यावं लागेल."

"कुठलं हिरवं दार?" मावशी म्हणाली.

"पाण्याच्या टाकीमागे, हिरवं दार, वरचा मजला. अजून सांगू?"

मावशीने फोन खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरची कार्यकर्ती घाबरून म्हणाली, "मावशी, त्याने घर पाहिलं."

"घर पाहिलं असतं तर तपकिरी म्हणाला असता," मावशी म्हणाली. "हिरवं दार आता एकाच ठिकाणी आहे." आणि ती वाकली, माझ्याकडे पाहिलं आणि माझी वायर उपटली.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. दार तपकिरी होतं म्हणून घर लपलं असतं असं नाही. टाकी एकच होती. पण त्याने यादी वाचली हे मावशीला कळलं, आणि यादीत एक घर नव्हतं, सगळी होती. म्हणून सगळीच घरं त्या दुपारी रिकामी करावी लागली. मिळेल त्या गाडीतून बायका, मुलं, पिशव्या दुसरीकडे गेल्या. कुठे गेल्या ते मावशीने कुणाला विचारू दिलं नाही. शिवणयंत्र जड होतं, ते राहिलं. मुलीला मैत्रिणीचा निरोपही घेता आला नाही. मैत्रीण खालच्याच मजल्यावर होती, पण निरोप घेतला असता तर कुठे जाताय, हे विचारलं गेलं असतं.

तो संध्याकाळी आला. दार तपकिरी असूनही त्याने ओळखलं आणि लाथेने उघडलं. आत यंत्र होतं आणि यंत्राच्या सुईखाली गणवेशाची एक अर्धी बाही. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. बाहीचं कुणाला काही वाटलं नाही.

दोन्ही कचेऱ्यांची बैठक मावशीच्या टेबलापाशी झाली. पटकन आला होता, बाई आल्या होत्या.

"मावशी, हा बाहेरचा हल्ला आहे," पटकन म्हणाला. "हॅकरपुढे कुणाचं काय चालतं?"

"हॅकर नव्हता तो. नवरा होता."

"तसं नाही, तांत्रिक भाषेत..."

"मी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं होतं. भावालाही नको म्हटलं होतं. तू विचारलंस, नवऱ्याला? म्हणून मी तुला चहा दिला. मला वाटलं, तुला समजलं."

 बाईंनी लॅपटॉप उघडला, माझी फाइल काढली, टक्के अवतरणात ठेवले, रिकामी जागा बाहेर काढली, डॉलर पुसून हॅश लिहिला. मावशीचा चहा अजून गरम होता.

"झालं?" मावशीने विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

 बाई फाइलमधले बाकीचे डॉलर शोधत होत्या. एक सापडला, यादी कोणत्या क्रमाने लावायची ते ठरवणारा. ज्या रकान्याप्रमाणे क्रम लावायचा त्याचं नाव डब्यात घालता येत नाही, म्हणून तिथे बाईंनी दोनच ठरलेले क्रम लिहून टाकले आणि बाहेरच्या माणसाला त्या दोनांपैकी एक निवडण्यापलीकडे हक्क ठेवला नाही. पटकन म्हणाला, "तिथे कोण काय करणार आहे, बाई?" यावर मावशीने त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

माझी आजची स्थिती अशी. मी टेबलाखाली आहे, चपलांशेजारी. माझ्यात आता खोट नाही. परवा तो पुन्हा आला, म्हणजे त्याचा मजकूर आला. तेच अवतरण, तेच एक बरोबर एक, त्याच दोन रेघा. या वेळी मी तो सगळा मजकूर डब्यात घालून नेला. डेटाबेसने डबा उघडला आणि या विचित्र नावाचं गाव आहे का, हे इमानेइतबारे शोधलं. नव्हतं. तसं त्याला कळवलं. माझ्या आयुष्यात मला एवढं बरं कधी वाटलं नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही. मावशी आता राहायची घरं माझ्या यादीत लिहीत नाही. ती तिने डोक्यात ठेवली आहेत, आणि तिचं डोकं कुणाला उघडता येत नाही. माझ्याकडे फक्त कचेऱ्या उरल्या, ज्यांचा पत्ता भिंतीवरसुद्धा आहे. तिजोरीला कुलूप बसलं तेव्हा तिजोरी रिकामी होती.

माझ्या बहिणींचं वेगळंच. पटकन मला लिहिल्यावर कधी नव्याने विचार करत बसला नाही; मला उचलायचा आणि दुसऱ्या कामात चिकटवायचा. एक बहीण दवाखान्यात आहे, एक शाळेच्या बसवाल्याकडे. त्यांच्यावर अजून डॉलर आहे. त्यांची नोंद कुणी उघडलेली नाही, आणि पटकन आता नव्या मुलांना 'सुरक्षितता' या विषयावर शिकवायला जातो. अनुभवी माणूस म्हणून त्याला बोलावतात.

तेव्हा, जे कुणी माझ्यासारखी वाक्यं लिहिता त्यांना सांगते. विनंती करत नाही, विनंती करून झाली. चौकटीने केली, बाईंनी केली. आपापली फाइल उघडा आणि डॉलर शोधा. सापडला तर तिथे कुणाचा माल ओतला जातोय ते बघा. आणि 'चाललं' म्हणून चहाला उठू नका.

शिवणवाली आता कुठे राहते ते मला ठाऊक नाही. तिच्या नव्या दाराचा रंगही ठाऊक नाही. मला कितीही विचारा, कसंही विचारा, आता माझ्याकडून तिचा पत्ता मिळायचा नाही. एवढं साधायला तिला दोनदा घर सोडावं लागलं.